शिंक

बीळ गाओलाथेनं दाखवलं.
आधी आर्डवार्कनं खणलेलं, मग रानडुकरानं बळकावलेलं,
आता तिचं.
"लेत्लालेर्वा," तो म्हणाला, रानकुत्र्याचं इथलं नाव,
आणि माझा उच्चार ऐकून गालात हसला.
जूनची थंडी. आभाळ कोरडंठक्क,
तरी खाली गवतात पाणी चढत होतं
अंगोलाच्या डोंगरांवरून चालत आलेलं,
कधीच पडून गेलेल्या पावसाचं.

तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बाहेर आली. अकरा.
काळी, त्यावर चुन्याचे शिंतोडे,
आणि कान मात्र असे
की थोरल्याचा सदरा धाकट्याला चढवलाय.
मग नुसती मारामारी.
मान, कान, शेपूट, दाताला लागेल ते.
मी वहीत मांडत गेलो: कोण वर, कोण खाली.
एका सकाळी मांडायला काही उरलंच नाही.
त्यांचं ठरलं होतं.
मला कळायच्या आधी.

मावशी शिकारीहून आली की
तिच्या ओठांच्या कोपऱ्याला नाकं भिडतात,
किलबिल, अगदी पाखरांची,
आणि ती मान खाली घालून
पोटातलं त्यांच्यापुढे टाकते.
ओकते, असं वहीत लिहिलं आणि खोडलं.
घास, असं लिहिलं.

तीन पायांचा एक म्हातारा बिळापाशी राखणीला.
चौथा पाय सिंहिणीकडे राहिला.
गाओलाथे त्याला मालोमे म्हणतो, म्हणजे मामा.
मामाही तसंच करतो: कान पाडून, अंग चोरून,
तरण्या शिकाऱ्याच्या ओठाला नाक लावतो.
त्यालाही मिळतं.
बाळपणीची भाषा
इथे कुणी टाकून देत नाही.

ऑक्टोबरात पिल्लं मागोमाग धावू लागली.
इम्पाला पडलं होतं, वाफ निघत होती,
आणि मोठे मागे सरले.
जिनं पाठलाग करून पाडलं तीसुद्धा,
बरगड्या मोजून घ्याव्यात अशी,
पाठ वळवून तरसांकडे बघत उभी.
आधी पिल्लं.
"आमच्याकडे," गाओलाथे म्हणाला,
"आधी बाप, मग मामा, मग पाहुणा.
आम्हा पोरांना हंडीची खरवड."
आवाजात तक्रार नव्हती.
गाडी मात्र त्यानं जरा जोरात सुरू केली.

आणि शिंका.
उन्हं कलली की सगळे उठतात, एकमेकांत घुसतात,
आणि कुणीतरी शिंकतं.
मग दुसरं. मग आणखी.
पुरेशा झाल्या की कळप निघतो,
नाही झाल्या तर पुन्हा आडवा होतो.
थोरलीनं सुरुवात केली तर दोन-तीन पुरतात,
बाकीच्यांना दहा-दहा गोळा कराव्या लागतात.

मी ज्या घरातला, तिथे
कुणी शिंकलं की पाय उंबऱ्यातच थांबायचा.
बैस जरा, पाणी पी, मग नीघ.
किती कामं आमची अशी माशी शिंकून राहिली.
गाओलाथेला हे सांगितलं.
तो एवढा हसला
की मामानं एक कान आमच्याकडे वळवला.

फाटक्या कानाची एक पिल्ली होती.
एके संध्याकाळी ती मध्ये शिरली, नाक वर केलं,
शिंकली.
कुणी बघितलंही नाही.
पुन्हा शिंकली. तोल जाऊन बसली.
त्या दिवशी कळप झोपून राहिला.

पुढच्या जूनमध्ये बिळात नवी नऊ.
नोव्हेंबरात ती मला दिसली, फाटका कान,
तोंड रक्तानं माखलेलं, पोट खपाटीला,
शिकारीपासून चार पावलं बाजूला उभी.
नऊच्या नऊ पोटात डोकी खुपसून.
एकदा तिचा पाय उचलला गेला.
तसाच हवेत राहिला.
मग तिनं तो खाली ठेवला,
जिथे होता तिथेच.

गाओलाथेनं दुर्बीण माझ्याकडे दिली.
धूळ होती. मला शिंक आली.
तो किल्ली फिरवून म्हणाला,
"एक झाली."